नववीची दोन पुस्तकं

पावसाळा लागला की खाणीवरची वाहतूक बंद होते. टिपर उभे राहतात आणि चालक बसून राहतात. सगुण गोव्यात साखळी गावाच्या बाजूला खनिजाचा टिपर चालवत होता, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दर पावसाळ्यात तो हद्द ओलांडून महाराष्ट्रात, दोडामार्गापलीकडे आपल्या गावी जायचा, थोरल्या भावाच्या शेतात लावणीला उभा राहायचा आणि चतुर्थी करूनच परतायचा. यंदा मात्र तो गेला नाही. यंदा तो भाड्याच्या दोन खोल्यांत फोन हातात घेऊन बसला.

त्याला कारण पल्लवी. एकुलती मुलगी, नववीत. हल्ली गोव्यातल्या शाळांचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं, त्यामुळे जूनपर्यंत पहिली चाचणी होऊनही गेली होती. पल्लवी गणितात नापास झाली आणि विज्ञानातही. प्राथमिक शाळेत मराठीतून शिकत होती तेव्हा ती पहिल्या दोघा-तिघांत असायची. पाचवीपासून सगळं इंग्रजीत गेलं आणि पोर दरवर्षी थोडी थोडी मागे पडत गेली. भरलेला टिपर चढावाला कसा रखडतो, आवाज मोठा पण चाक पुढे जात नाही, तसं तिचं झालं होतं. दिवसभर पुस्तक उघडं असायचं आणि डोक्यात काही शिरत नसायचं.

ही बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. थोरला भाऊ सखाराम, त्याचा फोन आला.

"सगुणा, चेडवाक हय धाड. आमच्या सायलीबरोबर शाळेत जायत. ती पण नववीतच आसा. मराठीत शिकात, आरामात पास होयत. हेडमास्तर आपले आसत. चवथीपर्यंत नाव घालून घेतंय म्हणालेत."

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. त्या घरात सगळ्या मुदती चवथीच्या अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या.

सगुणच्या बायकोला, सुलोचनाला, हे बोलणं पटलं होतं. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. "पोरीचा भला होता तर जावंदे," ती म्हणाली. "घर काय परक्याचा नाय." पण बोलताना ती पाठमोरी होती आणि नळ उगाच चालू होता.

सगुणला ते सोसणारं नव्हतं. मुलगी भावाकडे गेली की सुट्टीपुरती घरी येणार, पाहुणी होणार. त्याने भावाला सांगितलं, "दादा, चवथीपर्यंत थांब. मी तिका सुधारून दाखवतंय. नाय जमला तर मी स्वतः आणून सोडतंय तुझ्याकडे."

शब्द तर दिला. पण सुधारणार कसं? साखळीतल्या शिकवणीवाल्याकडे बाकं भरली होती, तो दारातूनच मान हलवत होता. सगुणचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा तो गेला बाबलीकडे.

बाबली पेडण्याचा, त्याच खाणीवर टिपर चालवायचा आणि शेजारच्याच खोलीत राहायचा. पावसाळ्यातही घरी जात नसे. बायको घरातली सगळी कामं त्याच्यासाठी राखून ठेवते, असं त्याचं म्हणणं.

"फोनात सगळा आसा रे," बाबली म्हणाला. "माझो भाचो फोनात बघून गिटार शिकलो. आता शेजारी घर सोडून गेले ती गोष्ट वेगळी."

"माका इंग्लिशीत लिहूक येणा नाय."

"तोंड आसा मगे? तोंडान विचार. बायलेकडे बोलूक घाबरतस ता समजू शकतंय. फोन काय मारता काय तुका?"

मग सगुणने फोन तोंडाजवळ धरला आणि देवळात गाऱ्हाणं घालावं तसं मोठ्याने म्हटलं, "इयत्ता नववी, गणित, मोफत."

आणि धबधबा सुटला. एकाचा पहिला धडा फुकट, दुसऱ्याला पैसे. एक जण धडा सुरू करण्याआधी स्वतःचीच ओळख इतकी करून द्यायचा की चहा निवायचा. कुणी फळ्याकडे तोंड करून पुटपुटत होता. सगुणने यातून वाट काढली ती चालकाच्या पद्धतीने. नव्या रस्त्यावर भरलेली गाडी घालायची नाही, आधी रिकामी नेऊन बघायची. प्रत्येक धडा तो आधी स्वतः शेवटपर्यंत बघायचा. त्याला कळला तर ठेवायचा, नाही कळला तर टाकायचा. सातवी शिकलेल्या माणसाला नववीचं कळतं, म्हणजे शिकवणारा चोख, असा त्याचा हिशेब.

असं करत करत त्याला एक बाई सापडल्या. जाड भिंगाचा चष्मा, आवाज स्वच्छ, आणि प्रत्येक गोष्ट सांगून झाली की "आता थांबा आणि स्वतः करून बघा" असं म्हणून खरोखरच गप्प बसायच्या. विज्ञानाला एक तरुण मास्तर मिळाले, ते घरातली बॅटरी आणि तार घेऊन वीज समजावायचे. भूगोलाला कुणीतरी नकाशे काढून दाखवत होतं. एक पैसा न देता. सगुणला आश्चर्य वाटायचं. कोण कुठली माणसं, ना ओळख ना देख, आणि आपल्या पोरीला शिकवतायत.

दुपारी पल्लवी शाळेतून आली, जेवली, की बापलेक खिडकीशी बसायची. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. बाई गप्प बसल्या की दोघंही गणित करायची. सगुणचं बहुतेक चुकायचं.

"बाबा, तुम्ही हातचा विसरलात."

"हातचो कोणाच्या हातात दिलंय काय म्हायत."

सुलोचना कामावरून आली की दारात छत्री झटकत म्हणायची, "सुटली काय दोघांची शाळा? की मीच बाहेर उभी रवू?"

पल्लवी हसायची. कित्येक महिन्यांनी पोर पुस्तकापुढे हसत होती. सगुणला वाटलं, जमलं.

पण जुलैअखेरच्या चाचणीत गुण होते तिथेच राहिले. गणितात तर एखादा कमीच. सगुण म्हणाला, "आता तर पेरलंय. उगवूक वेळ लागतलो." पल्लवीने उत्तरपत्रिका घडी करून दप्तरात ठेवली आणि विचारलं, "बाबा, आजचा धडा लावायचा ना?"

चतुर्थीला सगळे गावी गेले. त्यांच्या घराण्याचा गणपती एकच, मूळ घरात. जो तो कुठेही असो, त्या दिवसांत तिथे पोचलाच पाहिजे. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी माटवीला कांगण्या, सुपाऱ्या, रानातली फळं टांगून झाली होती. पूजा झाली, आरत्या झाल्या, जेवणं झाली. पुरुष ओटीवर पान खात बसले होते. दोघी बहिणी, पल्लवी आणि सायली, तिथेच एका चटईवर.

पल्लवी घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायची, म्हणून सखाराम तिला मास्तरीणबाई म्हणायचा. तो म्हणाला, "काय मास्तरीणबाई, अभ्यास कसो चललो? आमच्या सायलीक जरा शिकव बघू."

सायली बेरकी. तिने लगेच गणिताचं पुस्तक पुढे सरकवलं. "ह्या माका येणा नाय. ह्या करून दाखव."

पल्लवीने बघितलं आणि करून दाखवलं. सायलीने दुसरं दिलं, तेही झालं. पानं उलटत सायली कठीण कठीण उदाहरणं काढत राहिली आणि पल्लवी न थांबता सोडवत राहिली. सखाराम पान चघळायचं विसरला.

"ह्या आमच्या बाई पण शिकवतत," असं म्हणून सायलीने फोन पुस्तकातल्या धड्याच्या सुरुवातीच्या छोट्या चौकोनावर धरला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, मासळीवालीला पैसे देताना फोन धरतात तसलाच. धडा तिने आधीच उतरवून ठेवलेला होता, तो उघडला. फोनात जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई आल्या.

"आता थांबा आणि..." बाईंनी म्हणायच्या आत पल्लवी म्हणाली, "स्वतः करून बघा."

सगळे हसले. सखाराम तर मांडीवर थाप मारून हसला. "अरे सगुणा! चेडू हुशार आसा रे! कोण म्हणता नापास होता म्हणून?"

सगुण हसला नाही. त्याने चटईवरचं पुस्तक उचललं. पहिला धडा, संच. संच आपण जूनमध्ये केला. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे ओळखीचे, त्याच क्रमाने. मग विज्ञानाचं उघडलं. बॅटरी, तार, वीज. तेही त्याच क्रमाने. पुस्तकावर महाराष्ट्राचं नाव होतं.

"पल्लू," तो म्हणाला, "तुझ्या पुस्तकात पण पयलो धडो संचच ना?"

पल्लवीने मान खाली घातली. "नाही बाबा. माझ्या पुस्तकात संच नाहीच आहे. विजेचा धडाही नाही. तो आम्हांला पुढच्या वर्षी."

सगुणने पुस्तक मिटलं. मराठीत विचारलं म्हणून फोनाने मराठी शाळेचं दिलं. मराठी शाळा कुठली, तर ह्या गावातल्यासारखी, महाराष्ट्रातली. गोव्यातल्या पोरीला तो तीन महिने तिच्या चुलत बहिणीचा अभ्यास करून घेत होता. त्याला वाटलं होतं, नववी ती नववी. दोन आणि दोन साखळीतही चार आणि दोडामार्गातही चार.

"तुका कधी कळला?"

"जुलैत. चाचणीच्या आधी."

"आणि बोललंस नाय?"

पल्लवी चटईची काडी उपसत राहिली. "मला पहिल्यांदा काहीतरी कळत होतं, बाबा. सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. आणि तुम्ही... तुम्ही एवढे बसायचात माझ्याबरोबर."

मग सखारामने पान थुंकून घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, पण जीभ आवरणारा नव्हता.

"सगुणा, बी तुझा, घाम तुझो, पण नांगरलंस ता शेत माझा. आता तर विचार करूकच नको. तिका हयचा सगळा येता. सणाची सुट्टी संपली की हेडमास्तरांकडे जाऊया."

भाऊ बोलला त्यात खोट काढायला जागा नव्हती. मुलीला जाऊ द्यायचं नाही म्हणून जी धडपड केली, त्याच धडपडीने तिला इथे यायला तयार केलं होतं. सगुण उठून मागच्या दारी गेला आणि माडाखाली उभा राहिला. सुलोचना मागोमाग आली.

"चुकला तर चुकला," ती म्हणाली. "दुसरो कोण बापूस शिकूक बसलो होतो?"

"शब्द दिलंय मी दादाक."

"शब्द तू दिलंस. शाळेत जावचा आसा तिका. तिका विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीनेच त्याला गाठलं. "बाबा, माझं पुस्तकसुद्धा फोनात फुकट मिळत असेल ना? माझं पुस्तक साखळीला राहिलंय."

गावात फोनला रेंज मिळायची ती देवळाच्या पायऱ्यांवर. तिघं तिकडे गेली, सगुण, पल्लवी आणि सायली. सायलीच्या काखेत तिची पुस्तकं, प्लास्टिकच्या पिशवीत. पल्लवीने आपल्या पुस्तकाचं इंग्रजी नाव स्वतः टाइप केलं, वर छापणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव घातलं. पुस्तक मिळालं, अख्खं, पहिल्या पानापासून. उतरायला मात्र इतका वेळ लागला की सायली म्हणाली, "ह्यापेक्षा चालत साखळीक जाऊन घेऊन इली असती."

मग दोघी बहिणी पायरीवर बसल्या. एकीच्या मांडीवर पुस्तक, दुसरीच्या हातात फोन. दोन्हीकडचे धडे एकेक करून लावून बघायला लागल्या. बहुपदी दोन्हीकडे. रेषीय समीकरणं दोन्हीकडे. गतीचे नियम, ध्वनी, कार्य आणि ऊर्जा दोन्हीकडे. संच नाही. त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं, ते पल्लवीला आहे, सायलीला नाही. गुरुत्वाकर्षण पल्लवीला नववीत.

"आमका ता दहावीत," सायली म्हणाली. तिला थोरल्या मुलींची पुस्तकं ठाऊक होती.

"म्हणजे मराठीत बघायचं तर दहावीचं शोधायचं," पल्लवी म्हणाली आणि सगुणकडे वळली. "बाबा, अर्ध्याहून जास्त सारखं आहे. सगळं फुकट नाही गेलं."

तेवढ्यात सखाराम दुर्वा आणि जास्वंदी घेऊन देवळामागून आला. छत्री मिटून उभा राहिला. "काय चललाहा?"

पल्लवीने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नावां सारखी आसत म्हणून काय झाला? पुस्तक इंग्लिश. पेपर इंग्लिश. थयच तर तुझी गाडी अडता. तुझ्या त्या पुस्तकातला एक करून दाखव माका."

पल्लवीने फोनात बहुपदीचा धडा उघडला. उदाहरण वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला, सगुणला तो चेहरा माहीत होता. पावसाचे थेंब खालच्या पायरीवर पडत होते. सगुणला फार वाटलं की आपण काहीतरी सांगावं, पण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

पल्लवी ओठांतल्या ओठांत एकेक इंग्रजी शब्द पुढे ढकलत होती. मग ती थांबली. "अरे," ती म्हणाली, "हे ते बाईंनी दाखवलेलंच आहे. फक्त उलट्या बाजूने विचारलंय." तिने सायलीच्या वहीच्या मागच्या पानावर उदाहरण मांडलं. एक चूक झाली, खोडली, पुन्हा केलं. सायलीने तपासलं.

"बरोबर," सायली म्हणाली.

"पुढचा कर," सखाराम म्हणाला.

पुढचं लवकर झालं. त्याच्या पुढचं आणखी लवकर. मग सखारामने स्वतःच बोटाने पानं सरकवली आणि त्रिकोणाच्या धड्यावर थांबला. "ह्या?"

"हे मला येत नाही," पल्लवी म्हणाली. "हे शिकायचं राहिलंय."

सखारामने धाकट्या भावाकडे बघितलं. सगुण म्हणाला, "दादा, शब्द दिलो तो मोडूचो नाय माका. तू सांगशीत तसा. पण आधी तिका विचार."

"बोल गो मास्तरीणबाई."

पल्लवीने विचार करून सांगितलं. "इथे आले तर मी पास होईन, काका. पण इथलं मला आधीच येतंय, म्हणून. तिथलं काही येतंय, काही राहिलंय. राहिलेलं मला करायचंय. मला टीचर शिकवतात ते येत नाही असं नाही. ते कशाबद्दल बोलतात हेच आधी कळत नाही. आधी मराठीत तोच धडा बघितला तर वर्गात कळेल."

"आणि नाय जमला तर?"

"तर पुढच्या वर्षी सायली दहावीत आणि मी तिच्या मागे नववीत. ती मला रोज चिडवेल."

"रोज कित्याक?" सायली म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."

सखारामला हसू आलं, पण त्याने ते लगेच गिळलं. "दिवाळीच्या आधी परीक्षा आसा मगे तुमची? ती होवंदे. हेडमास्तरांचे पाय मी धरतंय थोडे दिवस. पण तेव्हा नापास झालंस तर मग रडूचा नाय. पिशवी भरूची आणि येवचा."

"येईन," पल्लवी म्हणाली.

साखळीला परतल्यावर दुपारची बैठक पुन्हा सुरू झाली, पण रीत बदलली. आता फोनाआधी पल्लवीचं स्वतःचं पुस्तक उघडायचं. वर्गात पुढे कुठला धडा आहे ते बघायचं. पुस्तकातल्या चौकोनावर फोन धरला की त्याच धड्याचं इंग्रजीत मिळायचं, काही धड्यांचं मिळायचं नाही. मग त्याच विषयाचं मराठीत शोधायचं, नववीत नाहीतर दहावीत, एकदा तर आठवीत सापडलं. मराठीतलं आधी, इंग्रजी मागून. सगुण आधी एकटा बसून धडे निवडायचा ते त्याने सोडलं. निवड आता पल्लवी करायची आणि त्याच्या आवडत्या बाईंना कधी कधी बाजूलाही ठेवायची.

"त्यांका कित्याक काढलंस?"

"छान शिकवतात, पण माझ्या पुस्तकात हे नाही बाबा."

त्रिकोणाचं क्षेत्रफळ तिला एका हिंदी मास्तरांकडून कळलं. गुरुत्वाकर्षण मात्र अडलं, चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं तरी एक भाग डोक्यात बसेना. शेवटी ती वर्गात हात वर करून विज्ञानाच्या प्रिया टीचरला विचारून आली. नववीत तिने वर्गात विचारलेला तो पहिला प्रश्न. घरी आल्यावर तिने हे जेवताना सांगितलं, जाता जाता, आणि आणखी आमटी मागितली.

परीक्षा झाली. पाऊस सरला, खाणीवरचे रस्ते सुकले, सगुणचा टिपर पुन्हा सुरू झाला. गुण कळले त्या दिवशी तो टिपर भरून घेण्यासाठी रांगेत उभा होता. सुलोचनाचा फोन आला. गणितात बरी पास. विज्ञानात काठावर पास. इंग्रजीत नेहमीसारखीच. काठावर म्हणजे अगदी काठावर, एक पाय पाण्यात.

बाबली मागच्या गाडीतून ओरडला, "काय झाला रे?"

"पास!"

"मग रडतस कित्याक?"

"धूळ गेली डोळ्यात."

"लोडिंग अजून सुरू होवक नाय आणि धूळ खयसून इली?"

संध्याकाळी सखारामचा फोन आला. त्याला आधीच कळलं होतं, सायलीने सांगितलं होतं. तो नेहमीसारखा मोठ्याने बोलला नाही. म्हणाला, "हेडमास्तरांका सांगून इलंय. नावाची वाट बघू नकात म्हटलंय."

"बरा केलंस दादा."

"विज्ञानात कमी आसत."

"होय. मार्चापर्यंत करूक व्हये."

मग सखाराम म्हणाला, "आयक. ता गुरुत्वाकर्षणाचा, पल्लवीन बघितलेला, ता सायलीक धाडशीत? पुढच्या वर्षी तिका लागतला. आणि तुमका विजेचा व्हया झाला तर तिच्याकडे आसा."

सगुणने फोन पल्लवीच्या हातात दिला. कुठला भाग आधी पाठवायचा आणि कुठला मागून, ते दोघी बहिणी ठरवत बसल्या. सगुण आंघोळीला गेला.